काटछाटीचा अधिकार

जुन्या घरगुती व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याचें काम आपल्याकडे गेलीं वीसेक वर्षें घरोघर चाललें आहे. आणि तें संपलें कीं लगेच दुसरें एक काम हातीं घेतलें जातें, तें म्हणजे त्यांतील नको असलेला भाग काढून टाकण्याचें. पहिल्या कामाविषयीं पुष्कळ बोललें जातें. यंत्र कोणतें वापरावें, बुरशी आलेली फीत कशी साफ करावी, रंग उडाले असतील तर ते कितपत सुधारतात, याची चर्चा सर्वत्र ऐकूं येते. दुसऱ्या कामाची चर्चा मात्र एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबते : नको तो भाग सफाईनें कसा कापावा? सफाईनें म्हणजे सांधा दिसूं नये अशा रीतीनें. हा भाग नको आहे तो कोणाला, आणि तो नको म्हणण्याचा अधिकार त्यास कोठून प्राप्त झाला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. म्हणून वाचकांपुढें तो थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कॅसेटींचा काळ आतां सरला आहे. जपानांतील जेव्हीसी कंपनीनें व्हीएचएस पद्धतीची कॅसेट 1976 सालीं बाजारांत आणली, आणि फुनाई या जपानीच कंपनीनें ती चालविणारें यंत्र बनविणें 2016 सालीं थांबविलें. चाळीस वर्षांत एका वस्तूचें आयुष्य पुरें झालें. आपल्याकडे 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आलें, त्याच्या मागोमाग व्हिडिओ आला, आणि तें दशक संपण्यापूर्वींच लग्नमंडपांत आचारी, बॅंडवाला व फोटोग्राफर यांच्या पंक्तीला 'शूटिंगवाला' हा नवा मानकरी येऊन बसला. त्याच्या खांद्यावर कॅमेरा, मागें हॅलोजनचा दिवा उंच धरणारा पोऱ्या, आणि त्या दिव्याच्या झोतांत डोळे मिचकावीत अक्षता टाकणारी मंडळी, हें दृश्य आज चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें असेल. परदेशीं गेलेल्या आप्तांकडूनहि कॅसेटी येत. परंतु अमेरिकेची पद्धति 525 रेषांची व सेकंदाला सुमारें तीस चित्रांची, आपली 625 रेषांची व पंचवीस चित्रांची; त्यामुळें न्यू जर्सींतल्या नातवाचें बारसें पुण्यांतल्या आजीला कित्येकदां दिसतच नसे, पडद्यावरून नुसते पट्टे सरकत आणि मधून मधून रडण्याचा आवाज येई.

कॅसेट उतरवून घेण्याचा एक नियम असा कीं, ती जितक्या वेळाची तितकाच वेळ तिला द्यावा लागतो. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास. ग्रंथाचीं पानें चाळतां येतात. फीत चाळून भागत नाहीं, ती चालवावीच लागते. म्हणून घरांतील कोणी तरी एक, बहुधा मुलगा किंवा सून, आपला रविवार मोडून त्या यंत्रापाशीं बसतो, आणि जें इतरांनीं तीस वर्षांत पाहिलें नाहीं तें एकट्यानें पाहतो. लग्नाची कॅसेट लग्नानंतर एक-दोनदां पाहिली जाते व मग कपाटांत जाते, हें आपण जाणतोंच. तेव्हां हा बसलेला मनुष्य त्या घराच्या कागदपत्रांचा पहिला व बहुधा शेवटचा समग्र वाचक ठरतो. त्याच्या हातीं कात्री असते आणि शेजारीं कोणी नसतें. बखरकाराला निदान धनी असे. यास तोहि नाहीं.

पूर्वीं ही कात्री मागें खूण ठेवीत असे. 8 मिलीमीटरच्या फिल्मचे दोन तुकडे खरडून सिमेंटनें चिकटविले, कीं पडद्यावर तो सांधा येतांच चित्र क्षणभर उडी घेई; आणि कापलेला तुकडा प्रत्यक्ष हातांत राही, तो टाकावयाचा कीं ठेवावयाचा याचा विचार करणें भागच पडे. कॅसेटींतील चुंबकीय फीत कापणें घरगुती माणसाच्या आवांक्याबाहेरचें होतें. त्यानें दोन यंत्रें एकमेकांस जोडावीं, एकावरून दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घ्यावा, आणि नको तेथें 'पॉज'चें बटन दाबून धरावें, ही रीत होती. सांध्यावर चित्र थरथरे, रंगांचा एक पट्टा वरून खालीं ओघळे, आणि प्रतीची प्रत झाल्यानें सारेंच चित्र एक पायरी मळकें होई. पाहणाऱ्यास न सांगतां कळे कीं, येथें कांहीं होतें व तें काढलें आहे.

संगणकावरील फाइलींत असा व्रण राहूं नये अशी अपेक्षा असते, आणि ती पुरी करण्यांत एक मोठी चमत्कारिक अडचण आहे. जागा वांचावी म्हणून सेकंदाचीं पंचवीस चित्रें सगळीं पूर्ण ठेविलेलीं नसतात. थोडींच पूर्ण असतात, त्यांस की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांच्या ठिकाणीं मागच्यापुढच्या चित्रांहून काय बदललें एवढीच नोंद असते. भिंत तीच, पाट तोच, मुलाचा हात तेवढा हलला, तर हात तेवढा नोंदवावयाचा. डीव्हीडीसाठीं केलेल्या फाइलींत असें पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एक येतें. अलीकडच्या अधिक दाबून बसविलेल्या फाइलींत तें कित्येकदां सेकंदच्या सेकंद येत नाहीं. आतां अशा मधल्याच जागीं कात्री चालविली, तर पुढच्या चित्रांचा आधार तुटतो आणि पडद्यावर करडे चौकोन व पुसटलेले चेहरे दिसूं लागतात. जो मनुष्य कापून टाकला त्याची छटा पुढच्या माणसाच्या अंगावर क्षणभर रेंगाळते. यास उपाय म्हणजे की-फ्रेम पाहून तेथेंच कापणें. यांत चित्राची प्रत जशीच्या तशी राहते, पण कापण्याची जागा आपल्या मर्जीची राहत नाहीं. जागा मर्जीचीच पाहिजे तर सारीं चित्रें नव्यानें बांधून घ्यावीं लागतात, आणि प्रत्येक बांधणींत चित्र थोडें झिजतें. कांहीं हुशार साधनें सांध्यालगतचीं थोडकीं चित्रेंच नव्यानें बांधतात आणि बाकीचीं न शिवतां ठेवितात. ध्वनीचा हिशेब आणखी निराळा. चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचें, तर ध्वनीचा तुकडा पुष्कळदां सत्तेचाळिसाव्या भागाच्या आसपास. दोहोंच्या कडा एके ठिकाणीं येत नाहींत, म्हणून ओठ मिटले तेव्हां शब्दहि मिटला कीं नाहीं हें कान देऊन पाहावें लागतें.

हें सारें सविस्तर लिहिण्याचें कारण असें कीं, कापणाऱ्याचें चित्त किती गुंतून जातें हें वाचकांच्या ध्यानांत यावें. तासभर धडपडून सांधा बेमालूम जुळला म्हणजे जो आनंद होतो तो निर्मळ असा कारागिराचा आनंद असतो, आणि आपण काय कापलें हा विचार त्या आनंदांत वाहून जातो. शिंप्याला कापड कापतांना ज्या एकाग्रतेची गरज असते तिच्यांत कापड कोणाचें हा प्रश्न बसत नाहीं.

जागा पुरत नाहीं म्हणून कापावें लागतें, ही सबब एके काळीं खरी होती. डीव्ही पद्धतींत प्रत्येक चित्र पूर्ण ठेविलें जातें, आणि एका तासाला सुमारें 13 गिगाबाइट जागा लागते. वीस वर्षांपूर्वीं घरच्या संगणकाला हें ओझें झेपणारें नव्हतें. आज चार टेराबाइटच्या एका डिस्कवर असे तीनशें तास मावतात. एवढ्या मुंजी आणि लग्नें साऱ्या भावकींत मिळून झालीं नसतील. तेव्हां यापुढें जें कापलें जाईल तें जागेसाठीं नव्हे, दुसऱ्या कशासाठीं तरी कापलें जाईल, हें उघडपणें मान्य करणें बरें.

सर्वांच्या आधीं कापलें जातें तें निरर्थक म्हणून. शूटिंगवाला कॅमेरा बंद करावयास विसरतो, तो खुर्चीवर ठेवून चहाला जातो, आणि तीन-चार मिनिटें चपला, जाजम, कोणाच्या तरी लुगड्याचा काठ एवढेंच दिसत राहतें. असा भाग काढावा यांत वाद नाहीं असें कोणीहि म्हणेल. आमचें म्हणणें थोडें वेगळें आहे. लग्नाच्या फितींत माणसें कॅमेऱ्यासमोर येतांच शहाण्यासारखीं वागूं लागतात. केस सांवरतात, हंसतात, आहेर पुन्हां एकदां हातांत देऊन दाखवितात. जाजमाच्या त्या चार मिनिटांत कोणी नटत नाहीं. भटजींना दूध दिलें का, आचारी मीठ मागतो आहे, बापू स्टँडवर गेला का, अशीं वाक्यें एकमेकांवरून घरंगळत जातात, मागें कोठें तरी रेडिओ लागलेला असतो, आणि तीस वर्षांपूर्वींचें घर आवाजाच्या रूपानें तेथें जसेंच्या तसें नांदत असतें. आमच्या पाहण्यांत अशी एक फीत आली कीं, तिच्यांत नवरदेवाची आजी तीन तासांत एकदांहि दिसत नाहीं. ती विधवा होती, रूढीप्रमाणें ती पुढें आली नाहीं, आणि शूटिंगवाल्यालाहि कोणीं तिच्याकडे नेलें नाहीं. जाजमावर मात्र ती आहे. चपलांच्या त्या दृश्यामागें तिचा आवाज कोणाला तरी दोनदां विचारतो, जेवलास का रे? त्या घरांत तिच्या आवाजाची दुसरी नोंद नाहीं. रूढीनें तिला एकदां कापलें होतें. फितीची सफाई करणाऱ्यानें तीं चार मिनिटें काढलीं असतीं, तर नकळत तेंच काम दुसऱ्यांदा झालें असतें, आणि या वेळीं सांधाहि दिसला नसता.

याहून अवघड प्रकार म्हणजे जेथें जाजम नव्हे, माणसेंच नको असतात. घटस्फोट झालेला जांवई, पिऊन आलेला काका, पुढें ज्यांच्याशीं वाटणीवरून तंटा झाला ते चुलत भाऊ. यांना काढण्याची खटपट पुष्कळ ठिकाणीं होते, व ती बहुधा फसते. कारण पंगतीच्या फोटोंतला मनुष्य एक वेळ कातरीनें काढतां येतो, फितींत तो सारखा मध्यें मध्यें येतो. या किरकोळ रागलोभांविषयीं आम्हांस फारसें म्हणावयाचें नाहीं. पण एका परिचित घरांतला वाद आम्हांस ठाऊक आहे, तो किरकोळ नव्हे. मुंजीच्या एका कॅसेटींत, पंगत बसली असतां, वडील आईला चारचौघांत टाकून बोलतात. तूप वाढावयास उशीर झाला, एवढेंच कारण. शब्द असे कीं, ऐकणाऱ्यानें मान खालीं घालावी. आई कांहीं बोलत नाहीं; पदर सांवरते, वाकते आणि पुढच्या पानाकडे वळते. चाळीस सेकंदांचा प्रसंग. आई-वडील दोघेंहि आतां हयात नाहींत. मुलाचें म्हणणें, हा भाग काढून टाकावा. बाबा एरवीं असे नव्हते, त्या दिवशीं धांवपळीनें त्रासले होते, नातवंडांनीं आजोबांना या रूपांत कां पाहावें? थोरल्या बहिणीचें म्हणणें, बाबा असेच होते. आईनें जन्मभर जें सोसलें त्याचा हा चाळीस सेकंदांचाच पुरावा जगांत उरला आहे, तो पुसणारा तूं कोण?

आमच्या मतें येथें लाज आणि दोष यांत भेद केला पाहिजे. फितींत कोणाची तरी लाज उघडी पडलेली असते. न्हाणीघरांतलें उघडें मूल, फेफरें येऊन पडलेला पाहुणा, पाठवणीच्या वेळीं भान सुटून आक्रोश करणारी बाई, यांनीं कांहीं केलेलें नसतें. त्यांच्या असहायपणीं कॅमेरा तेथें होता एवढेंच. अशा माणसानें 'हें काढा' म्हटलें, तर एका शब्दाचीहि हुज्जत न घालतां काढावें, आणि नुसतें दाखवावयाच्या प्रतींतून नव्हे, सर्व प्रतींतून काढावें. त्याच्या लाजेवर घराच्या इतिहासाचा हक्क पोचत नाहीं. ज्याचा दोष उघडा पडला त्याची गोष्ट निराळी. त्यास आपलें कृत्य पुसावयास सांगण्याचा अधिकार नाहीं, आणि त्याच्या वतीनें मुलाला तर नाहींच नाहीं. पितृऋण पुष्कळ प्रकारांनीं फेडतां येतें. आईच्या वाट्याचे चाळीस सेकंद त्यांत देतां येत नाहींत.

परंतु एवढ्यानें निकाल लागला असें समजणें उतावीळपणाचें होईल. त्या चाळीस सेकंदांत दोष वडिलांचा असला तरी लाज आईची आहे. आणि लाज जिची तिचा अधिकार पहिला, असें तर आम्हींच आतां म्हटलें. आई आज असती तर तिनें काय सांगितलें असतें? तिच्या पिढीची बाई बहुधा हेंच म्हणाली असती कीं, काढून टाका, घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला. मग मुलगी जपत आहे ती साक्ष आईच्या इच्छेविरुद्ध जपत आहे काय? आणि ती इच्छा तरी आईची स्वतःची म्हणावयाची, कीं जी शिकवण तिला वाढतांना वाकावयास सांगत होती तिचीच? मृतांच्या तोंडीं आपण आपल्या सोयीचें वाक्य घालतों. मुलगा एक घालील, मुलगी दुसरें घालील. आम्हांस या कोड्याचें निर्विवाद उत्तर देतां येत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, दोघेंहि भांडतात तीं जणु एकाच प्रतीवर. एकाच फिल्मच्या काळीं तें योग्य होतें. आतां न दाखविणें आणि नाहींसें करणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी होऊन बसल्या आहेत, आणि वादाचा अर्धा भार या दोहोंची गल्लत झाल्यानें वाढला आहे.

या दोहोंत अंतर केवढें, हें जगांतील सर्वांत प्रसिद्ध घरगुती फिल्मवरून दिसेल. 22 नोव्हेंबर 1963 रोजीं डॅलस शहरीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तो अब्राहम झाप्रुडर नांवाच्या कपड्यांच्या एका कारखानदारानें आपल्या 8 मिलीमीटरच्या कॅमेऱ्यानें टिपला. सारी फिल्म अवघी सव्वीस-सत्तावीस सेकंदांची, चित्रें 486. 'लाइफ' साप्ताहिकानें ती विकत घेतली. 313 व्या चित्रांत गोळी डोक्याला लागल्याचें दिसतें. तें चित्र छापूं नये अशी झाप्रुडर यांची विनंति होती, आणि अमेरिकन जनतेला दूरचित्रवाणीवर ही फिल्म थेट 6 मार्च 1975 रोजीं दिसली. अकरा वर्षांहून अधिक काळ न दाखविल्याबद्दल टीका झाली. पण तें चित्र कोठें आहे व कां दाखविलें जात नाहीं, यांत गुपित नव्हतें. त्याच फिल्मला दुसरीहि एक इजा झाली. 'लाइफ'कडे हाताळली जात असतां मूळ फिल्म बिघडली, आणि 208 पासून 211 पर्यंतचीं चार चित्रें गेलीं. 207 ला 212 जोडलें गेलें. चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या छापील पुराव्यांत तो सांधा खुलाशावांचून तसाच आला. चार चित्रें म्हणजे सेकंदाच्या पाव हिश्श्याहूनहि कमी. पण शंकेखोरांनीं त्या फटींतून काय काय बाहेर काढलें त्याला सीमा नाहीं. अखेर 1967 सालीं 'लाइफ'नें तीं चार चित्रें प्रसिद्ध केलीं. तीं मिळालीं तीं प्रतींवरून, कारण खुनाच्याच दिवशीं फिल्मच्या तीन प्रती काढून ठेविलेल्या होत्या.

त्याच देशांत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कचेरींतील 20 जून 1972 च्या ध्वनिफितींतून साडेअठरा मिनिटें पुसलीं गेलीं. तज्ज्ञांनीं 1974 सालीं असा निर्वाळा दिला कीं, हें एका हिसक्यांत झालेलें नाहीं, निदान पांच वेळां पुसलें गेलें आहे. तें संभाषण पुढें कधीं परत मिळालें नाहीं. परंतु पुसणाऱ्यानें तेथें नुसती गुणगुण ठेविली, मागचें वाक्य पुढच्या वाक्याला जोडून दिलें नाहीं, म्हणून येथें कांहीं होतें एवढें तरी जगास कळलें. आजच्या साधनांनीं तेंच काम केलें असतें तर मोजावयास साडेअठरा मिनिटेंहि राहिलीं नसतीं.

आपल्याकडे काटछाटीचें एक थोर कार्य झालें आहे, आणि त्याची पद्धत या बाबतींत फार शिकवून जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें 1919 सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें. 1925 पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं त्याची सूत्रें हातीं घेतलीं, आणि 1966 सालीं तें पुरें झालें. 1,200 हून अधिक हस्तलिखितें ताडून पाहून जें मागाहून घुसलें असें ठरलें तें संपादकांनीं मूळ पाठांतून काढलें. भाविकांना प्रिय असलेल्या गोष्टीहि त्यांतून सुटल्या नाहींत. व्यासांचा लेखक म्हणून गणपति येतो तो प्रसंग मूळ पाठांत राहिला नाहीं. सभापर्वांत द्रौपदी कृष्णाचा धांवा करते ते श्लोकहि राहिले नाहींत. एवढी धीट कात्री आपल्या वाङ्मयांत दुसरी चाललेली आम्हांस ठाऊक नाहीं. पण काढलेली ओळ न् ओळ तळटीपांत किंवा परिशिष्टांत छापलेली आहे. कोणत्या पोथ्यांत ती आहे व कोणत्यांत नाहीं, तेंहि तेथेंच सांगितलें आहे. आणि जेथें पाठ निश्चित करतां आला नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. द्रौपदीचा धांवा ज्याला हवा त्यानें पानाच्या तळाशीं जावें. तो तेथें आहे. एकनाथांनीं शके 1506 मध्यें, म्हणजे इ. स. 1584 त, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो उपकार आपण विसरूं शकत नाहीं. परंतु त्यांनीं काय वगळलें तें आपल्याला पानाच्या तळाशीं वाचावयास मिळत नाहीं, आणि त्या जागीं आपल्याला त्यांच्या अधिकारावर विश्वास ठेवून पुढें जावें लागतें. नाथांवर तसा विश्वास ठेवण्यास आम्ही तयार आहों. रविवारीं दुपारीं यंत्रापाशीं बसलेल्या प्रत्येक मुलावर ठेवावा काय, हा प्रश्न आहे.

मुंजीच्या कॅसेटीला महाभारताचा दाखला देणें कोणास हास्यास्पद वाटेल. पण त्या घराच्या दृष्टीनें पाहिलें तर तेवढींच पर्वें त्याच्यापाशीं आहेत, आणि हस्तलिखित एकच आहे. तेव्हां आमची सूचना साधी आहे. उतरवून घेतलेली पहिली फाइल कोणीं कापूं नये. ती दोन डिस्कांवर ठेवावी, कारण डिस्कहि मरते, आणि शक्य तर दोन घरीं ठेवावी. काटछाट करावयाची ती तिच्या प्रतीवर. जाजम काढतांना हवी तेवढी सफाई करावी. माणूस काढतांना ती करूं नये, सांध्यावर एक सेकंद काळा पडदा राहूं द्यावा, म्हणजे पाहणारा निदान विचारील. पुष्कळ फितींवर कोपऱ्यांत तारीख व वेळ उमटलेली असते आणि ती कापल्या जागीं सहाला अठरा मिनिटांवरून एकदम सहाला सतरा मिनिटांवर उडी मारते. हा आंकडा दिसूं नये म्हणून चित्राचा कोपरा झांकण्याची एक युक्ति हल्लीं शिकविली जाते, ती तर सर्वथैव टाकावी. डब्यांत एक कागद असावा आणि त्यावर कोठून कोठपर्यंत काय काढलें, कोणीं काढलें व कोणाच्या सांगण्यावरून, एवढें लिहावें. शेवटचा रकाना भरतांना हात थोडा अडखळेल. कॅसेटहि उतरवून झाली म्हणून रद्दींत देऊं नये. कोंकणांतल्या दमट हवेंत तिला बुरशी लवकर धरते हें खरें, तरी कोरड्या जागीं, उभी ठेवून, ती अजून कांहीं वर्षें टिकेल, आणि यंत्र दुरुस्त करणारे थोडे कारागीर अद्याप सांपडतात.

वर सांगितलेल्या घरीं हें पुरतें मान्य झालेलें नाहीं. पहिली फाइल तशीच ठेवावयाची, येथपर्यंत बहीण-भाऊ आले आहेत. तिची एक डिस्क बहिणीकडे गेली आहे. पण येत्या वैशाखांत भावाच्या मुलाची मुंज आहे आणि त्या रात्रीं जुन्या मुंजीची फीत सर्वांस दाखवावयाची असें आधींच ठरून गेलें आहे. पंगतीचा भाग घ्यावयाचा कीं नाहीं, आणि न घेतल्यास त्या जागीं काळा पडदा ठेवावयाचा कीं नाहीं, यावर पत्रव्यवहार चालू आहे.